बुजवलेली मोरी

हस्त नक्षत्र लागलं की मला घरात बसवत नाही. ओसरीवर नाती पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात, खिरापत ओळखायला लावतात. मी त्यांच्यात बसावं असं त्यांना फार वाटतं. पण बाहेर सरीचा आवाज वाढला की मी कांबळं डोक्यावर घेऊन निघतो आणि बीडच्या रस्त्यांवरून मान खाली घालून हिंडतो. पाणी कुठून येतंय, कुठं वळतंय, कुठं थांबतंय, एवढंच बघतो. रस्ते-इमारतींच्या सरकारी खात्यात ओव्हरसियर म्हणून जन्म घालवलेल्या माणसाची ही खोड आहे, असं घरचे समजतात. मीही त्यांना तसंच समजू देतो.

मृगाच्या पावसाचं सगळे कौतुक करतात. हस्ताचा पाऊस परतीच्या वाटेवरचा. तोवर जमीन पिऊन पिऊन जड झालेली असते, विहिरी भरलेल्या असतात, बाजरी कापणीला आलेली असते. त्यामुळं हे पाणी कुणालाच नको असतं. ते नुसतं वाट शोधत फिरतं. आमच्या भागात जुनी माणसं या पावसालाच हत्ती म्हणतात: ‘पडल हत्ती, तर पाडल भिंती.’ मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. चोवीस वर्षांचा होतो. हैदराबादेत शिकून आलो होतो, दुर्बिणीतून जमिनीचा चढउतार बोटाबोटानं मोजता येत होता, आणि म्हणी-बिणी अडाण्यांसाठी असतात असं माझं पक्कं मत होतं.

बीडची बाजारपेठ तेव्हा कशी होती हे आता सांगून खरं वाटणार नाही. वाकडीतिकडी वाट, दोन्ही बाजूंनी दुकानांचे ओटे पुढं आलेले. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीनं चौकापर्यंत मागं जायचं, आणि कुणी जायचं यावरून भांडण. पावसाळ्यात घोट्याएवढा काळा चिखल. ही वाट रुंद करायची, सरळ करायची, तिच्यावर मुरूम आणि खडी टाकून ती दीड हात उंच उचलायची, असा हुकूम आला. सुभेदार साहेबांचा दौरा मृगाच्या आधी ठरला होता. त्यांची बग्गी या रस्त्यावरून जायची होती. माझे वरिष्ठ, मोहतमीम साहेब, मला बोलावून म्हणाले, “तुमच्या हाताखाली देतो. तरुण आहात, नाव काढाल.”

तो उन्हाळा मला अजून अंगावर आठवतो. पालीकडच्या माळावरून खडीच्या गाड्या यायच्या. मुरूम चोपायची धुम्मस आपटणाऱ्या बायांचा ‘हं… हं…’ असा एका तालातला आवाज सकाळपासून सुरू व्हायचा. दगडी रूळ ओढणारे बैल फेसाळलेल्या तोंडानं उभे राहायचे. दुपारी सगळी पेठ पांढऱ्या धुळीनं भरून जायची, आणि त्या धुळीत मी दोरी लावून उभा. दोरीच्या आत आलेला ओटा तोडायचा. कुणी हात जोडायचं, कुणी शिव्या द्यायचं. मला दोन्हीचं काही वाटत नसे. दोरी सरळ होती, याचंच सुख होतं.

पेठेच्या मध्यावर, माळाकडच्या अंगाला, शिवलिंगअप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं हळू आणि थोडं. दुकानाच्या मागंच त्यांचं घर, मातीच्या भिंतींचं, वर मातीचंच सपाट माळवद. त्यांचा ओटा आम्ही चार हात तोडला, तेव्हा ते फक्त म्हणाले, “तोडा. समद्यांचा तोडायलाव तर आमचाबी तोडा.” त्यांच्या बायकोनं, नीलाबाईंनी, त्याच दुपारी कामावरच्या बायांना ताकाचा डेरा आणून दिला. मग तो रोजचाच झाला. मला त्या वेगळ्या लोट्यातून द्यायच्या, जिरं घालून. मी उघड्या डोक्यानं उन्हात उभा दिसलो की ओरडायच्या, “आरं बाबा, डोस्क्याला कायतरी बांध की! तुझ्या माईनं बघितलं तर काय म्हणल?” माझी आई मी लहान असतानाच गेली होती. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ओरडणं सोडलं असतं, आणि ते मला नको होतं.

त्यांच्या दुकानासमोर खणताना पहारीला दगड लागला. माती बाजूला केली तर खाली घडीव फरश्या, आणि फरशीखाली पोकळी. वाटेच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला, नदीच्या दिशेनं गेलेली जुनी दगडी मोरी. माणूस वाकून आत जाईल एवढी, पण गाळानं निम्मीअधिक भरलेली. माझ्या नकाशात ती नव्हती. कुणी बांधली, कधी बांधली, कुणाला ठाऊक नव्हतं.

अप्पा दुकानातून उठून आले आणि खड्ड्याच्या काठाशी उभे राहिले. म्हणाले, “साहेब, हिला हात लावू नका. माळावरचं समदं पाणी आमच्या घरामागं येतंय. तिथनं ह्या मोरीतनं जातंय बिंदुसरेला.”

“दरवर्षी जातं?”

“न्हाई. खोटं कशाला बोलू? पाच-सात वर्सातनं एकदा. हत्ती पडला तरच.”

मी मोहतमीम साहेबांकडं गेलो. मोरी ठेवायची तर गाळ काढायला हवा, खचलेल्या फरश्या बदलायला हव्यात, रस्ता उंच होणार म्हणून मोरीच्या भिंतीही उचलायला हव्यात. महिना-दीड महिना सहज. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आता पाणी वाहतंय तिच्यातून?” मी म्हणालो, “उन्हाळा आहे, साहेब.” ते म्हणाले, “मग तपासून बघा. निकामी असेल तर बुजवा आणि तशी कैफियत लिहून द्या. दौरा पुढं ढकलता येत नाही.”

मी तपासलं. कसं, ते सांगतो, कारण हेच सांगायचं आहे. दहा घागरी पाणी आणवलं, मोरीच्या वरच्या तोंडात ओतलं, आणि नदीकडच्या तोंडाशी माणूस उभा केला. उन्हातान्हात तहानलेल्या गाळानं ते दहा घागरी पाणी जागीच पिऊन टाकलं. खालच्या तोंडाशी थेंब आला नाही. अप्पा बघत होते. म्हणाले, “दहा घागरीनं काय कळतंय, साहेब? तिला माळाचं पाणी लागतंय. हस्तात या, मंग बघा.”

त्यांचं बरोबर आहे, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. हे मी आजवर स्वतःपासून लपवू शकलेलो नाही. चूक झाली असती, हिशोब चुकला असता, तर निराळं. मला माहीत होतं की दहा घागरींची परीक्षा ही परीक्षाच नव्हे. मला हवं ते उत्तर देईल एवढीच परीक्षा मी घेतली होती. तरी मी अप्पांना म्हणालो, “आता दोन्ही बाजूंनी गटारं येणार आहेत. तुमचं पाणी त्यातून जाईल. काळजी करू नका.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “कावून करू काळजी?” ते म्हणाले. “तुमी शिकलेले हाव. तुमी म्हणता तर जाईल.”

संध्याकाळी मी कैफियत लिहिली. ‘जुनी मोरी निकामी आढळली. बुजवण्यात आली.’ खाली सही केली. अक्षर माझं तेव्हा फार सुरेख होतं.

रस्ता वेळेआधी चार दिवस पुरा झाला. सुभेदार साहेबांची बग्गी पेठेतून गेली तेव्हा पेल्यातलं पाणी हलणार नाही असं लोक म्हणाले. मृग आला, आर्द्रा गेल्या, आणि पेठेत चिखल झाला नाही. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्यांनी मला बोलावून पान दिलं. अप्पासुद्धा म्हणाले, “रस्ता मातूर झ्याक झालाय, साहेब.” नीलाबाईंची थोरली लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. श्रावणात तिला मुलगी झाली. नीलाबाईंनी मला घरात बोलावून ते मूठभर बाळ दाखवलं. तेवढ्यात मागच्या दारातून मला घरामागची मोकळी जागा दिसली. दोन्ही बाजूंना घरं, समोर माळाचा उतार, आणि पाठीशी माझा दीड हात उंच रस्ता. थाळीसारखी जागा. मी ती पाहिली आणि बाळाकडं बघून हसलो.

हस्त लागला तो कोरडाच. तिसऱ्या दिवशी दुपारी लिंबागणेशच्या अंगाकडून आभाळ आलं. तसा पाऊस मी आधी पाहिला नव्हता. थेंब नव्हतेच, नुसती धार. ती रात्र आणि दुसरा सबंध दिवस तो थांबला नाही. तिसऱ्या सकाळी मी पेठेत गेलो तेव्हा माझा रस्ता उघडा, स्वच्छ, धुतल्यासारखा होता. खडी जागची हललेली नव्हती. गटारं काठोकाठ वाहत होती. मला आधी बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

मग अप्पांच्या घराकडून ओरडा आला.

माळाचं पाणी घरामागं येऊन थांबलं होतं. माझी गटारं रस्त्याच्या कडेची, उंचावरची. मागच्या खोल जागेतलं पाणी त्यांच्यापर्यंत चढणार कसं? ते दोन दिवस तसंच साठत गेलं आणि मातीच्या भिंतींच्या पायात शिरलं. नीलाबाईंच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी पहाटेच सुभद्राला आणि बाळाला पुढं दुकानात आणून बसवलं, धान्याची पोती उचलायला लावली. मग त्यांना मागच्या गोठ्यात बांधलेली गाय आठवली. दावं सोडून त्यांनी गायीला बाहेर हाकललं. गाय बाहेर आली. त्यांच्यावर भिंत आली.

आम्ही दहा-बारा माणसांनी हातांनी माती उपसली. ओली माती फार जड असते. मला ठाऊक होतं किती जड असते, घनहाताला किती, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. नीलाबाई सापडल्या तेव्हा त्यांच्या मुठीत दाव्याचा तुकडा होता. अप्पा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. रडत नव्हते. फक्त म्हणत होते, “गाय निघाली न्हवं? गाय निघाली न्हवं?”

त्यांच्यात पुरतात. खड्डा खोदून, माणसाला बसवून, जसं तो जन्मभर पूजेला बसला तसं. दुपारी पाऊस ओसरला आणि त्यांच्या शेताच्या कडेला खड्डा खोदायला घेतला. मीही गेलो. मला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. काळ्या रानात खड्डा खोदत जावा तसतसं चारी अंगांनी पाणी झिरपून आत येत होतं. घमेल्यानं उपसलं की पुन्हा तेवढंच. जंगमस्वामी भस्म घेऊन ताटकळत उभे होते. नीलाबाईंना पाटावर बसवून आणलं होतं. पाण्यात कसं बसवायचं?

अप्पा माझ्याकडं आले. त्या दिवसात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“साहेब,” ते म्हणाले, “तुमाला पाण्याचं कळतंय. एवढं पाणी काढून द्या.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो झेलला असता. ते खरोखरच विचारत होते, कारण तिथं जमलेल्यांत पाण्याचं शिकलेला मी एकटाच होतो. मी कुदळ घेतली. रानाचा उतार डोळ्यांनी पाहिला, खड्ड्याच्या वरच्या अंगाला अर्धचंद्रासारखा खोल चर खणला आणि तो खालच्या ओढ्याकडं काढून दिला. कुणी मदतीला आलं तर त्याला बाजूला केलं. हळूहळू झिरपा चराकडं वळला. खड्डा उपसला, कोरडी राख आणि भस्म टाकलं, आणि नीलाबाईंना कोरड्यात बसवलं. वरच्या अंगाला एक चर, एवढंच ते काम होतं. उन्हाळ्यात अप्पांच्या घरामागं असाच चर काढावा, हे मला सुचलं नव्हतं असं नाही.

चौकशी लागली. मोहतमीम साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला घरी बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं, “आस्मानी संकट लिहा. एवढा पाऊस कुणाच्या हातात असतो? मातीची घरं गावात आणखीही पडली आहेत. तुमची सगळी नोकरी पुढं आहे.” सगळं खरं होतं. घरं पडली होती. पाऊस अफाट होता. मी रिकामा कागद घेऊन आलो आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसलो. मग लिहिलं की मोरी वाहती असण्याचा संभव मला माहीत होता, दुकानदारानं मला तसं स्पष्ट सांगितलं होतं, मी केलेली तपासणी अपुरी होती, आणि ती अपुरी आहे हे मला ती करतानाच कळत होतं. मोहतमीम साहेबांचं नाव मी त्यात घातलं नाही. सही माझी होती.

माझा दर्जा खाली आणला गेला आणि आष्टीला तबादला झाला. जाण्याआधी मी अप्पांकडं गेलो. दुकानात ते एकटेच होते. सुभद्रा आत बाळाला थोपटत होती, तिचा आवाज येत होता. मी उभ्यानंच सांगितलं, काय लिहिलं ते. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलेल.

ते बराच वेळ तागडीच्या साखळ्या सरळ करत राहिले. मग म्हणाले, “खरं लिवलंत. चांगलं झालं. पण साहेब, ते तुमी तुमच्यासाटी लिवलंत. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हून. आमची मोरी हाय तशी बुजलेलीच हाय. हत्ती काय परत पडणार न्हाई व्हय?”

त्यांनी तागडी खाली ठेवली.

“घरात बाळ हाय,” ते म्हणाले. “मोरी उघडा. मंग या बोलायला.”

आष्टीचा रस्ता मी दहा महिने केला, पण मन त्या मोरीपाशी होतं. माझ्या हातात आता अधिकार कसलाच नव्हता. होती ती फक्त अक्षराची आणि खात्याच्या भाषेची ओळख. रजा मिळेल तेव्हा मी बीडला यायचो, आणि माळाकडच्या अंगाच्या एकेका घरी जाऊन, पाणी कुठवर चढलं, कुठली भिंत भिजली, ते मोजून लिहून घ्यायचो. बहुतेकांनी दारात उभं केलं. एका म्हातारीनं तोंडावर दार लावलं, ते बरोबरच होतं. पण तिच्याही उंबऱ्यावर पाण्याची रेघ होती, आणि ती मी मोजली. गल्लीच्या नावानं मी उर्दूत अर्जी लिहिली, सोबत नवा नकाशा काढला, त्यात पहिल्यांदा ती मोरी दाखवली. पहिली अर्जी परत आली. दुसरीचं उत्तरच आलं नाही. तिसरीवर, बऱ्याच हेलपाट्यांनंतर, मंजुरी आली. मला नंतर कळलं की मोहतमीम साहेबांनी तिच्यावर शिफारस लिहिली होती.

काम दुसऱ्या ओव्हरसियरकडं दिलं होतं. मी रजा काढून आलो आणि त्याच्या परवानगीनं आत उतरलो. माझाच रस्ता आम्ही मधोमध फोडला. धुम्मस इतकी चांगली बसली होती की पहारी उसळत होत्या. गाळ उपसला, तो कुठल्या कुठल्या पिढ्यांचा होता कुणास ठाऊक. त्यात फुटकी बोळकी, बांगड्या, खेळण्यातल्या लाकडी बैलाचं एक लहानसं चाक निघालं. खालच्या फरशीवर पाण्यानं घासून घासून मऊ, गुळगुळीत वाट पडली होती. मी तिच्यावर हात ठेवून बसलो. ही मोरी निकामी आहे असं मी लिहिलं होतं. अप्पा रोज काठावर येऊन उभे राहायचे. शेवटची फरशी बसली त्या दिवशी ते घरात निघून गेले, आणि मी आष्टीला.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी आष्टीला धो धो पाऊस लागला आणि मला अन्न गोड लागेना. आष्टीत पडतोय म्हणजे बीडलाही पडत असणार. पाऊस जरा उतरताच मी घोडं मागून घेतलं. ओढे उतरायची वाट बघत, मुक्काम करत, दुसऱ्या दिवशी दुपारी पेठेत पोचलो.

अप्पांचं दुकान उघडं होतं. ते गिऱ्हाइकाला गूळ तोलून देत होते. मी मागं जाऊन पाहिलं. जमीन ओली होती, पाण्यानं आणलेला पालापाचोळा मोरीच्या तोंडाशी अडकलेला होता आणि आतून अजून खळखळ ऐकू येत होती. नव्या भिंतीचा पाया कोरडा होता. आजोळी आलेली सुभद्राची तीन वर्षांची पोर तिथं बसून काडीनं पाण्यात पान ढकलत होती. पान मोरीत शिरलं की टाळ्या वाजवायची.

मी पुढं आलो. अप्पांनी पोतं सरकवलं आणि म्हणाले, “बसा.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला बसा म्हटलं नव्हतं. मी बसलो. गिऱ्हाईक तेलगावकडचं होतं, नवखं. त्यानं माझ्या भिजलेल्या कपड्यांकडं बघून विचारलं, “हे कोन, अप्पा?”

अप्पांनी गुळाची पुडी बांधली, दोरा तोडला.

“आमच्या गल्लीचं पाणी ह्यांनी अडवलंतं,” ते म्हणाले. “आन् ह्यांनीच सोडलं.”

आवाजात राग नव्हता, माया नव्हती. गिऱ्हाईक मान हलवून निघून गेलं. मला पुढं बढत्या मिळाल्या, माझ्या कामावर साहेब लोकांनी कौतुकाचे शेरे लिहिले, ते कागद घरात कुठंतरी आहेत. अप्पांच्या त्या दोन वाक्यांइतकं खरं माझ्याबद्दल कुणी बोललं नाही. दुसरं वाक्य मला बरं वाटावं म्हणून ते बोलले असतील का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, नाही. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, एवढंच.

पण पाऊस वाढला, भिंतींचे पाय भिजायला लागले, की माझ्या कानात त्यांचं पहिलंच वाक्य येतं. दुसरं यायला दरवर्षी हस्त संपावा लागतो.